डाळ शिजवणारे पाणी

आबांच्या विहिरीच्या पाण्याला साबण नुसता दाखवला तरी फेस येतो, असे गिऱ्हाइके म्हणत. यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. शहरातल्या लॉजच्या चादरी, रुग्णालयाचे अभ्रे आणि केशकर्तनालयांचे टॉवेल टेम्पोतून त्यांच्या अंगणात येत आणि भिजवण्याच्या, साबणाच्या, खळबळण्याच्या व निळीच्या हौदांतून जाऊन दोरीवर चढत. उन्हात त्यांच्याकडे पाहताना डोळे मिटावे लागत. याच पाण्यात घरची डाळ शिजे, आणि ती इतकी लवकर शिजे की चुलीवर चढवून हौदापर्यंत जाऊन यावे तोवर तिचे दाणे उरत नसत. पाण्याची पारख करायला आबांना एवढी दोन प्रमाणे पुरेशी होती: फेस आणि डाळ.

अंगणाच्या कडेला कमरेइतकी भिंत होती. तिच्यापलीकडे आबांचा थोरला भाऊ राहत असे. एकेकाळी दोघे भाऊ मिळून धुण्याचे काम करत. वाटण्या झाल्यावर आबांनी आपल्या विहिरीच्या तळात यंत्र लावून खडक फोडला आणि खालून हे हलके पाणी वर आले. भावाच्या विहिरीत जुनेच जड पाणी राहिले. त्यात साबणाची साय होई, चादरी करड्या पडत, भांड्यांना आतून पांढरा थर चढे. गिऱ्हाइके एकेक करून भिंतीच्या अलीकडे आली. भावाने हौद बुजवून शिवणयंत्र घेतले. आबांनी एकदा थट्टेत त्याला ‘चुनेकाका’ म्हटले; ते नाव गावाने उचलले आणि परत खाली ठेवले नाही. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे नव्हते.

त्या दिवशी आबांची सून थोरल्या मुलीला शहरातल्या दंतवैद्याकडे दाखवून टेम्पोतून परतली, पदर खोचला आणि थेट पिळणीला उभी राहिली. ओल्या चादरीचे एक टोक तिच्या हातात, दुसरे सासूच्या. दोघी उलट दिशांना पीळ देऊ लागल्या.

“काय म्हणाला डॉक्टर?” सासूने विचारले.

“घासून जाणारे डाग नाहीत म्हणाला. दात हिरडीत असतानाच आत बसलेत.”

“हिरडीत असताना कोण गेलं होतं आत रंग द्यायला?”

“पाणी,” सून म्हणाली.

चादरीतून पाण्याची शेवटची धार दगडावर पडली. थोरली पायरीवर ओठ मिटून बसली होती. तिच्या पुढच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे होते. शाळेत तिला ‘गंजकी’ म्हणत. आईने तिचे दात कोळशाच्या पुडीने हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासले होते, आणि डॉक्टरांनी ‘घासू नका’ म्हटल्यावर ती मुलीकडे पाहू शकली नव्हती.

आबा दोरीशी होते. त्यांची मान वळत नसे. कोणी बोलले की ते खांद्यांसकट, कपाट सरकवावे तसे, सगळेच्या सगळे वळत. ते वळले.

“माझ्या पाण्यानं अख्ख्या शहराच्या चादरी पांढऱ्या होतात, आणि नातीचे दात तेवढे पिवळे होतात? डॉक्टरच आहे ना तो?”

“चादरी ते पाणी पीत नाहीत, आबा.”

सासूने चादरीचे टोक सोडले नाही, पण पीळ द्यायची थांबली. या घरात आबांना असे उत्तर देण्याची पद्धत नव्हती.

“धाकटीनं आत्ताच वाटीला तोंड लावायला सुरुवात केलीय,” सून हळू आवाजात पुढे म्हणाली. “तिचे पुढचे पक्के दात आत्ता आत तयार होतायत. थोरलीचं जे झालं ते झालं. हिचं मी होऊ देणार नाही. पाणी तपासून घेऊ.”

खासगी विहीर मालकाने स्वतः मागितल्याशिवाय तपासली जात नसे आणि गावात अजून कोणी मागितले नव्हते. आपल्या विहिरीची तपासणी करा म्हणणे म्हणजे आपल्या घराची झडती घ्या म्हणण्यासारखे होते. पण आबांना शंका नव्हती, आणि ज्याला शंका नसते तो परीक्षेला घाबरत नाही.

“कर की!” ते म्हणाले. “मालक मीच आहे ना? मी मागतो. येऊ दे लेखी. दारावर टांगतो. मग भिंतीपलीकडचे काय बोलतात ते बघू.”

नमुन्याची बाटली सुनेच्या नवऱ्याने शहरातल्या प्रयोगशाळेतून आणली. ती सकाळी भरून टेम्पोबरोबरच पाठवायची होती. सून पहाटेपासून रुग्णालयाच्या अभ्र्यांत बुडालेली होती, म्हणून बाटली भरण्याचे काम सासूने घेतले, आणि जे काम ती घेई ते नीटच करी. शहरात जाणारे पाणी कच्चे पाठवायचे तिला प्रशस्त वाटेना. आरोग्यसेविकेने ‘पाणी उकळून प्या’ असे इतक्यांदा सांगितले होते की तपासणीलाही तेच द्यायचे असणार, याविषयी तिच्या मनात संदेह नव्हता. तिने पातेलेभर पाणी कपड्यांच्या भट्टीवर चढवले, चांगले खळखळू दिले, मध्ये दुसरी कामे उरकली, पातेल्यात निम्मे उरल्यावर उतरवले, चार पदरी फडक्यातून गाळले आणि गार करून बाटलीत भरले. बाटली तिने बाहेरूनही पुसली.

निकाल पाठवून देण्याऐवजी तपासणीवाली बाई स्वतः आली. पन्नाशीची, जाड तळव्यांचे बूट घातलेली, कमी बोलणारी बाई. ती विहिरीत डोकावली, हौद पाहिले, मग उलट्या घातलेल्या बादलीवर बसली.

“तुमच्या पाण्यात फ्लोराईड आहे. क्षाराचा एक प्रकार. लिटरला दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतो. तुमचा आकडा सहाच्या वर आलाय.”

“म्हणजे आपलं जास्त आलं,” सासू समाधानाने म्हणाली.

“जास्त येणं वाईट असतं, आई,” सून म्हणाली.

“इतका आकडा मी या भागात पाहिलेला नाही,” बाई म्हणाली. “म्हणून आले. बाटली कोणी भरली, कशी भरली?”

सासूने पदर सावरून सगळे सांगितले. पातेले, भट्टी, चार पदरी फडके. बाईने शेवटपर्यंत ऐकून घेतले. तिच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. एवढेच की तिने पेनाचे टोपण काढले होते ते परत लावले.

“उकळल्यानं जंतू मरतात, मावशी. हा जंतू नाही. पाण्याची वाफ होऊन जाते, हा मागं राहतो. दूध आटवावं तसं तुम्ही पाणी आटवून पाठवलंत.”

“म्हणजे आकडा खोटा!” आबा सगळेच्या सगळे वळले.

“हा आकडा बाद,” बाई म्हणाली. “खरा किती ते माहीत नाही.”

आबांना पुढचे वाक्य ऐकू आले नाही. ते हसू लागले. दोरीवरच्या चादरींच्या मधून त्यांचे हसणे भिंतीपलीकडे जाईल अशा बेताने मोठे होते. “ऐकलं का गं? बाद! त्या बाईच स्वतःच्या तोंडानं म्हणतायत!”

सासूचा चेहरा उतरला होता. आपण घराची लाज राखली की घालवली, हे तिला ठरवता येईना. सुनेच्या हातातला अभ्रा पिळून कोरडा होत आला तरी ती पिळतच होती. दंतवैद्याचे बोलणे, थोरलीचे दात, स्वतःची खात्री, हे सगळे या एका पातेल्याने खोटे ठरले होते असे नाही. पण खरेही ठरले नव्हते. हा फरक आबांना पटवणे शक्य नव्हते. तिने अभ्रा बादलीत टाकला.

“मग कच्चं घ्या,” ती बाईला म्हणाली. “आत्ता. तुमच्याच हातानं.”

बाईने विहिरीच्या पाण्यानेच बाटली विसळली आणि भरली.

“आणि एक रिकामी द्या,” सून म्हणाली. “भिंतीपलीकडच्या विहिरीसाठी.”

आबांचे हसणे थांबले.

काकांच्या ओसरीवर शिवणयंत्र चालू होते. सून दारात उभी राहिली. यंत्र थांबले नाही. एक शिवण संपली, दुसरी सुरू झाली. अनवाणी पायांखाली फरशी तापलेली होती. पाय बदलत ती उभी राहिली.

“फेसवाल्यांना आमच्या दारात काय हवंय?” काकांनी यंत्राला विचारले.

“पाणी हवंय, काका.”

यंत्र थांबले.

“काय हवंय?”

“पाणी. बाटलीभर. तपासायला.”

“तुझ्या सासऱ्याचं तपासून झालंय की. नावसुद्धा ठेवलंय.” काकांनी दोरा दाताने तोडला. “आणि वाईट निघालं म्हणजे? गावभर दवंडी पिटायला बरं.”

“वाईट निघालं तर तुमचा नातूही तेच पितोय. मग तुम्हालाच आधी कळायला हवं, नाही का?”

आतून काकू बाहेर आल्या. त्यांनी सगळे ऐकलेले होते. “आमच्या पोराला काय धाड भरलीय? ए, इकडे ये. आ कर. बघ गं, बघ दात.”

थोरलीच्याच वयाचा तो मुलगा आ करून उभा राहिला. दात पांढरे होते. सुनेने पाहिले, पुन्हा पाहिले, आणि स्वतःला आवरले.

“एका पोरावरून काही सिद्ध होत नाही, काकू.”

“मग दोन बघ! ए, तूही ये गं. आ कर!”

काकांनी कपाळाला हात लावला. “अगं, गुरांचा बाजार आहे का हा? भरून घे बाई बाटली आणि जा. आणि ऐक, उकळू नकोस. तुमच्याकडचं हसणं इथपर्यंत आलं होतं.”

निकाल येईपर्यंत धाकटीसाठी शहरातल्या नळाचे पाणी टेम्पोतून कॅनमध्ये येऊ लागले. धुतलेल्या चादरींचे गठ्ठे जात आणि परतीत मळक्या गठ्ठ्यांवर तो कॅन बसून येई. भोवतालचे बघत. पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या अंगणात बाहेरून पाणी उतरते आहे, हे आबांना सहन होत नसे. कॅन उतरवण्याच्या वेळी ते विहिरीशी काहीतरी काम काढून पाठमोरे होत. पाठमोरे होणे त्यांना सोपे नव्हते.

तपासणीवाली बाई पुन्हा आली तेव्हा काका भिंतीशी येऊन उभे राहिले. बोलावलेले नव्हते. कोणी जा असेही म्हटले नाही.

“या विहिरीत तीनच्या वर,” ती म्हणाली. “दीड चालतं, त्याच्या दुप्पट. त्या विहिरीत अर्ध्याच्या आसपास. ते पाणी प्यायला चांगलं आहे.”

“त्याच्या पाण्यात डाळ शिजत नाही!” आबा म्हणाले.

“त्यामुळेच.”

“काय त्यामुळेच?”

“त्या पाण्यात चुना आहे. साबणाला फेस येऊ देत नाही तो चुना, डाळ शिजू देत नाही तोही चुनाच. पण तोच फ्लोराईडला बांधून खाली बसवतो. तुमच्या खोल खडकातल्या पाण्यात चुना नाही. म्हणून फेस चांगला, डाळ मऊ, आणि फ्लोराईड मोकळं.”

भिंतीशी उभे असलेल्या काकांनी छाती किंचित पुढे काढली. आबांना वाटले की कोणीतरी आपले पाणी घेऊन ते उलटे करून आपल्याच अंगावर ओतले आहे. ज्या दोन गोष्टींवरून त्यांनी आयुष्यभर पाणी पारखले, त्या दोन्ही बरोबर होत्या. पारख ज्या प्रश्नाची होती तोच प्रश्न वेगळा निघाला होता.

बाई त्यांच्याकडे निरखून पाहत होती. “हे पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की सांधेही आखडतात. दोन्ही हात मानेमागं घेता का जरा?”

आबांनी हात उचलले. कोपरे खांद्यांपर्यंत आली आणि अडली. त्यांनी जोर लावला. गळ्याच्या शिरा फुगल्या, पण बोटे कानापलीकडे गेली नाहीत.

“हनुवटी छातीला लावा.”

हनुवटी खाली आली नाही.

“हे धंद्यानं झालंय,” आबा म्हणाले. “ओल्या चादरी काय कापसाच्या असतात?”

तेवढ्यात भिंतीपलीकडे काकांनी दोन्ही हात सहज डोक्यामागे नेले, बोटे गुंफली आणि आरामखुर्चीत पडल्यासारखी कोपरे पसरली. ते आबांपेक्षा वयाने मोठे होते.

“तुम्ही चादरी उचलणं कधीच सोडलंत,” बाई त्यांना म्हणाली. “ही तुलना धरता येणार नाही.”

काकांनी हात खाली घेतले. सासू तोंडाला पदर लावून हसली. त्या दिवशी त्या अंगणात हसणारी ती एकटीच.

“धुण्याला?” सुनेने विचारले. खरी धास्ती ती होती. विहीर वाईट ठरली ही बातमी शहरात गेली तर गठ्ठे येणे थांबणार होते.

“धुण्याला उत्तम. याहून चांगलं पाणी मिळणार नाही. फक्त पिऊ नका आणि त्यात शिजवू नका.”

मग सून भिंतीशी गेली. “काका, पाणी द्याल?”

काकांनी या प्रश्नाची बरीच वर्षे वाट पाहिली होती, आणि उत्तर तयार होते. “देईन की. हवं तेवढं. पण मागायला त्यानं यायचं. भिंतीवरून नाही, दारातून. आणि माझ्यासमोर एक पेला प्यायचा.”

“तहानेनं मेलो तरी येणार नाही,” आबा चादरींना म्हणाले.

कॅन येत राहिला.

उन्हाळा वाढला तसे काम वाढले. लोक घामेजत, लॉजच्या चादरी रोज बदलत. चादर हौदाबाहेर काढताच हातात तापे. अशाच एका दुपारी टेम्पो वाटेत बंद पडल्याचा निरोप आला. कॅन सकाळीच संपला होता. सून खळबळण्याच्या हौदात गुडघाभर उभी होती. सावलीत बांधलेल्या झोळीत धाकटी आधी कुरकुरली, मग रडली, मग रडण्याचा आवाज घोगरा झाला. ओठांवर पापुद्रा धरला होता.

सासूने तिला मांडीवर घेतले. “घोटभरानं काय होतंय? लेकरू सुकलंय गं. मोठं घर, दारात विहीर, आणि लेकरू तहानलेलं?” तिने विहिरीच्या पाण्याच्या माठातून वाटी भरली.

सून हौदातून बाहेर पडत होती, पण ओले लुगडे पायांत अडकले होते. वाटी धाकटीच्या ओठांना लागत होती. मुलीने दोन्ही हातांनी वाटी धरली आणि तोंड उघडले. खाली दोन दात नुकतेच आले होते.

“थांब.”

आबा दोरीपासून आले होते. त्यांना कमरेत वाकता येत नसे. ते गुडघे मोडून, उंट बसावा तसे, टप्प्याटप्प्याने खाली आले आणि त्यांनी नातीच्या हातातून वाटी काढून घेतली. ती किंचाळली. आबांनी वाटी दगडावर पालथी केली. मग तांब्या उचलला आणि ते पुन्हा टप्प्याटप्प्याने उभे राहिले.

“कुठे चाललात?” सासूने विचारले.

“दारातून यायचं म्हणालाय ना,” आबा म्हणाले.

भिंत कमरेइतकीच होती, पण ती ओलांडणे त्यांच्या गुडघ्यांना शक्य नव्हते. आणि अट दाराची होती. ते अंगणातून रस्त्यावर गेले, भर उन्हात भिंतीला वळसा घातला आणि भावाच्या ओसरीपुढे उभे राहिले. सून ओल्या पायांनी मागोमाग धावली. रस्त्यावर तिच्या पावलांचे ठसे उमटत होते आणि वाळत होते.

यंत्र चालू होते. आबा उभे राहिले. यंत्र चालूच राहिले.

“पाणी दे,” आबा म्हणाले.

काकांनी यंत्र थांबवले. “कोणासाठी?”

“पोरीसाठी.”

“आणि तुझ्यासाठी?”

आतून काकूंनी पेला भरून आणला. आतून पांढरा थर चढलेला पितळी पेला. आबांनी तो घेतला. मान मागे जात नसल्याने त्यांना पेला उंच धरून, गुडघ्यांत मागे झुकून प्यावे लागे. भावाने ते तेव्हा प्रथमच जवळून पाहिले. पेला संपेपर्यंत तो आबांच्या मानेकडे बघत राहिला.

“कसं आहे?” काकांनी विचारले. आवाजातली धार गेली होती.

“जड आहे. घशात उभं राहतं.”

“दुसरा देऊ?”

“दे.”

दुसरा पेला काकांनी स्वतः उठून भरला. तोवर सुनेने तांब्या भरून घेतला होता. ती परतली तेव्हा सासू धाकटीला खांद्यावर घेऊन भिंतीशीच उभी होती. तांब्यातले पाणी वाटीत, वाटीतले तोंडात. धाकटी श्वास न घेता प्यायली, मध्ये ठसका लागला, पुन्हा प्यायली, आणि रिकामी वाटी तिने दगडावर आपटून आणखी मागितले. सुनेने भरून दिली. तिचे हात निळीने निळे झाले होते.

ओसरीवर आबांचा आवाज चढला होता, आणि तो भांडणाचा नव्हता. “आणि तुमच्या घरचे कपडे असे राखेत लोळल्यासारखे का दिसतात? पाठव इकडे. लाज वाटते, भाऊ म्हणून ओळख द्यायला.”

“फुकट धुणार आहेस काय?”

“फुकट पाणी पितोय ना!”

भिंतीत दोन भोके पाडली गेली. एका नळीतून जड पाणी अलीकडे येऊ लागले, दुसरीतून हलके पाणी पलीकडे जाऊ लागले, आणि काकांनी बुजवलेला एक हौद पुन्हा उकरला. शिवलेले कपडे धुऊन देण्याचा जोडधंदा त्यांना सुचला होता. ज्या विहिरीचे पाणी पिऊ नये तिला लाल रंग द्यावा, असा शिरस्ता बाईने सांगितला. लॉजचा व्यवस्थापक लाल पाहून काय समजेल, या काळजीने आबा कासावीस झाले. मग सुनेने रंगाचा डबा घेतला आणि काठावर मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘फक्त धुण्यासाठी’. काकांच्या विहिरीच्या काठावर: ‘पिण्यासाठी’. व्यवस्थापकाने पहिली पाटी वाचली आणि धुण्यासाठी वेगळी विहीर राखून ठेवणारे घर म्हणून आबांची शहरात वाहवा केली. आबांनी ती दुरुस्त केली नाही.

घरात डाळ आता रात्रीच भिजत घालावी लागे आणि तरीही तासभर रटरटे. सासू रोज तिला नावे ठेवी आणि रोज तीच शिजवी.

गावाला कोणी उपदेश केला नाही. ज्या घराचे पाणी सगळ्यांत चांगले म्हणून प्रसिद्ध होते त्याच घराने दुसऱ्याकडून पाणी घेतले, एवढे पुरेसे होते. आधी शेजारचा सुतार आला, मग दुकानदारीण, मग गवंड्याच्या घरचे सगळेच. टेम्पोत गठ्ठ्यांवर बाटल्यांची ओळ लागू लागली. बाटल्यांची व्यवस्था सासूने स्वतःकडे घेतली. दारोदार जाऊन ती सांगे, “आटवायचं नाही! गाळायचं नाही! विहिरीच्याच पाण्यानं बाटली विसळायची आणि भरायची. मला शिकवू नका, मी एकदा केलंय.” ज्यांच्या विहिरी चांगल्या निघाल्या त्यांतल्या बऱ्याच अशा होत्या की ज्यांच्या पाण्याला आजवर कोणी विचारत नव्हते. त्या घरांतल्या बायका ताठ चालू लागल्या.

सून मात्र एका निकालावर थांबली नाही. पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, दर वर्षी, दोन्ही विहिरींची बाटली जाई. “एकदा चांगलं आलं ना?” काका वैतागत. “पाणी खाली जातं तसा आकडा हलतो,” ती म्हणे. काकांच्या विहिरीचा आकडा हलला, पण दीडच्या जवळ कधी गेला नाही. आबांची मान वळली नाही. सांध्यांची कुरबुर कमी झाल्याचे ते सांगत, पण तेव्हापासून पिळणीचे यंत्रही आले होते, त्यामुळे श्रेय कोणाला द्यावे हे सांगता येत नाही.

मुलांचे पुढचे पक्के दात येण्याच्या वयाला धाकटीचा वर्ग पोहोचला, तेव्हा तपासणीवाली बाई दंतवैद्याला घेऊन शाळेत आली. आता तिचे केस बरेच पांढरे झाले होते. मुलांची रांग व्हरांड्यातून पटांगणात गेली होती. पालक कुंपणाशी उभे होते, त्यांत दोघे भाऊही होते. डॉक्टरांना नेमके काय पाहायचे आहे ते मुलांना कळेना. काही जण जीभ दाखवत होते, काही दात घट्ट आवळून उभे होते, आणि एकजण रडत होता.

वरच्या वर्गातली थोरली मदतीला उभी होती. बाईने तिच्याकडे पाहिले, पण काही विचारले नाही. विचारण्याची तिला हिंमत झाली नसावी.

थोरली स्वतःच रांगेपुढे आली. ती रडणाऱ्या मुलासमोर वाकली आणि तिने तोंड उघडले. वरचा ओठ बोटांनी वर केला. तपकिरी पट्टे भर उन्हात सगळ्या शाळेला दिसले.

“हे बघ. नीट बघ. असे आहेत का, एवढंच बघायचंय. दुखत नाही. आता तू आ कर.”

मुलाने आ केला.

“नाहीत,” थोरली म्हणाली. “स्वच्छ. पुढचा.”

पुढचा आला. मग त्याच्यामागचा. दंतवैद्य आरसा लावून पाहत होता, बाई खुणा करत होती आणि थोरली प्रत्येकाला आधी आपले दात दाखवत होती. ओठ पुन्हा मिटायची तिला आठवण राहिली नव्हती. रांगेतली पोरे आता पुढे घुसू लागली. धाकटी दोघांना ढकलून समोर आली आणि तिने कानापर्यंत तोंड फाकवले.

कुंपणाशी सुनेने लोखंडी गज घट्ट धरले होते.

थोरलीने बहिणीचे तोंड उजेडाकडे वळवले. इतरांपेक्षा जास्त वेळ पाहिले. मग सरळ उभी राहून, पटांगणाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “स्वच्छ. पुढचा!”